सतरा नंबरची घडी

ज्या वर्षी सुतळीमामांचा मेव्हणा कपाटासकट तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आला, त्याच वर्षी त्यांना नात झाली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. कपाटाला ओरखडाही आला नाही, कारण ते सुतळीमामांनी बांधलं होतं. मेव्हण्याला कोणी बांधलं नव्हतं. त्याचा पाय मांडीपासून मोडला आणि तीन महिन्यांचं प्लास्टर चढलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "मालकाने आधी कपाटाची चौकशी केली. भावोजींनीही."

भावोजींनी हे कधी नाकारलं नाही. कपाटाला आरसा होता.

सुतळीमामा घरं हलवून देणाऱ्या एका कंपनीत सामान बांधायचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. झुंबरं, घड्याळं, काचेचे पेले, कान मोडायला टपलेले कप, हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि पलीकडच्या घरी जसंच्या तसं निघायचं. खिशात कायम सुतळीचा गुंडा, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त बायको घ्यायची, म्हणजे रागावली की, आणि तिलाही जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचा भाऊ, म्हणजे हा मेव्हणा, त्यांच्याच घरी राहायचा आणि त्यांच्याच कंपनीत ओझी उचलायचा.

कंपनीचा एक नियम होता. ज्याने माल बांधला त्याने सही केलेली चिठ्ठी शेवटच्या घडीत खोचायची, म्हणजे काही फुटलं तर कोणाचा हात ते कळावं. सुतळीमामा कामाला लागले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. म्हणून मालकाने त्यांना पत्र्याचे बिल्ले पाडून दिले. रुपयाएवढा गोल पत्रा, त्यावर ठोकलेला सतराचा आकडा. पुढे पन्नाशीला लेकीने त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवून बाराखडी शिकवली, सहीही यायला लागली, पण बिल्ला सुटला नाही. सहीसारखी सही कोणीही करील, असं त्यांचं म्हणणं. बिल्ला खोचायची त्यांची जागाही ठरलेली होती, उजव्या अंगाला शेवटच्या घडीच्या ओठात. तपासणाऱ्याने दोरी न सोडता, माल न हलवता दोन बोटांनी ओढावा आणि तो अलगद हातात यावा.

अशा माणसाच्या घरी नात आली ती अकरा आठवडे आधी. वजन अकराशे ग्रॅम. लेकीची बॅगही भरलेली नव्हती, पाळणा दुकानातच होता आणि जावई बोटीवर इंजिन सांभाळत कुठल्या तरी समुद्रात होता. पहिल्यांदा काचेच्या पेटीत तिला बघितलं तेव्हा सुतळीमामा पेटीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "एवढा नाजूक माल, आणि कागदाशिवाय पाठवला?"

"माल काय म्हणता हो, व्याहीबुवा! नात आहे." शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाई म्हणाल्या.

विहीणबाई म्हणजे जावयाची आई. त्यांनी तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर काढली होती. कोपरा दबलेलं, दोरी सैल पडलेलं, कागद फुगलेलं पार्सल त्यांनी एकदाही आत घेतलं नव्हतं. लग्नाची बोलणी करायला दोघं पहिल्यांदा समोरासमोर बसली, तेव्हा मुलाचं शिक्षण आणि मुलीची नोकरी राहिली बाजूला. सुतळीमामांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही ती खिडकी नंबर चार का?" वीस वर्षांपूर्वी त्यांचं एक पार्सल या बाईंनी परत केलं होतं. आत दिव्याची काच होती.

"दोरी सैल होती," विहीणबाई म्हणाल्या.

"दोरी सैल नव्हती."

लग्न झालं, वर्षं गेली, पण या दोन वाक्यांच्या पुढे ते प्रकरण कधी सरकलं नाही.

आता नातीचं प्रकरण. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी बाळांच्या डॉक्टरांनी पेटीतच तिच्या मेंदूची सोनोग्राफी केली. टाळूवर थेंबभर जेल लावलं आणि अंगठ्याएवढं यंत्र तिथे हलकेच टेकवलं. डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, पण समजावून सांगायचा कंटाळा त्यांना नव्हता. "डोक्याची हाडं अजून जुळलेली नसतात, आजोबा. मध्ये ही मऊ जागा असते. तिथून आतलं दिसतं."

"म्हणजे बनवणाऱ्याने तपासणीची खिडकी ठेवलीय," सुतळीमामा म्हणाले.

"तशीच समजा."

विहीणबाईंना खिडकी हा शब्द पटला. त्या पुढे वाकून बघायला लागल्या.

पडद्यावर डाव्या बाजूला एक डाग दिसत होता. आत थोडा रक्तस्राव झाला होता. अशा घाईने आलेल्या बाळांत तो होतो, डॉक्टर म्हणाल्या, कधी आपला आपण जिरतो, कधी मेंदूतल्या पाण्याची वाट अडवतो. दर आठवड्याला सोनोग्राफी झाली. डाग विरत गेला, पण पाण्याची जागा जराशी फुगलेलीच राहिली. जन्माची मुळात ठरलेली तारीख आली तेव्हा डॉक्टरांनी लेकीला खुर्चीत बसवलं. मोठ्या मशीनवर, एमआरआयवर, एकदा नीट चित्र काढायचं. पाणी वाहतंय की तुंबलंय ते त्यात कळेल. तुंबलं असेल तर डोक्यात नळी बसवायची शस्त्रक्रिया, तीही लवकर.

"मग काढा की चित्र," लेक म्हणाली.

"अर्धा तास ती अजिबात हलता कामा नये. हलली की चित्र पुसट येतं. मोठ्या माणसाला सांगता येतं."

"भूल द्या."

डॉक्टरांनी बाळाची फाइल उघडली. "तिचा ऑक्सिजन निघून सहा दिवस झालेत. फुप्फुसं अजून कच्ची आहेत. भूल दिली तर कदाचित पुन्हा श्वासाच्या नळीवर ठेवावं लागेल. ते मला शक्यतो टाळायचंय. आपण पोट भरून दूध पाजू, घट्ट गुंडाळू आणि झोपेतच मशीनमध्ये सरकवू. बहुतेक बाळं झोपतात."

नात बहुतेकांतली नव्हती. सोमवारी सिस्टरांनी तिला छान गुंडाळलं, हात दोन्ही बाजूंना सरळ, शिपायासारखे. मशीन ठकठकायला लागलं आणि चौथ्या मिनिटाला कापडातून उजवा हात बाहेर आला. मूठ वर करून ती घोषणा दिल्यासारखी ओरडली. मंगळवारी दोन कापडं वापरली आणि वर हवा काढून घट्ट होणारी खास गादी. सहाव्या मिनिटाला उजवा हात बाहेर. चित्रात मेंदूच्या जागी धुकं.

"बापावर गेलीय," विहीणबाई म्हणाल्या. "त्यालाही कुठे बांधून ठेवता आलं नाही. गेला बोटीवर."

लेक हसली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुरुवारी अजून एकदा. नाही जमलं तर शुक्रवारी भूल.

सुतळीमामा दोन्ही दिवस काचेपलीकडे उभे होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते. मंगळवारी बाहेर येऊन त्यांनी मशीनवालीला गाठलं. मशीन चालवणारी ही बाई उंच, कोरडी आणि कामाला चोख होती. तिच्या राज्यात लोखंडाची टाचणीसुद्धा जाऊ शकत नसे, कारण आतला चुंबक ती हातातून हिसकावून घेई.

"बाई, रागावू नका. पण तुमची बांधणी चुकतेय."

मशीनवालीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही डॉक्टर?"

"नाही. पॅकर."

"बरं मग, पॅकरसाहेब, काय चुकतंय?"

"तुम्ही बाहेरून आवळताय. आत पोकळी राहते. पोकळी राहिली की माल हलतो, मग दोरी कितीही ओढा. आणि कपाचा कान जिकडे वळलाय तिकडेच ठेवायचा असतो. तो सरळ करायला गेलं की मोडतो. तिला हात हनुवटीशी हवाय. राहू द्या तिथे. त्याच्या भोवती भरा."

मशीनवाली आत गेली आणि सरावाची रबरी बाहुली घेऊन आली. सुतळीमामांनी हात धुतले, दोन कापडं आणि चार छोटे टॉवेल मागितले. बाहुलीचे गुडघे पोटाशी, मुठी हनुवटीशी, मानेखाली वळकटी, कुशीत वळकटी, मग कापड. छाती मोकळी, दोन बोटं आत जातील इतकी. मशीनवालीने ते गाठोडं उलटं केलं, सुलटं केलं, जोरात हलवलं. बाहुलीचं बोटही हललं नाही. श्वासाला जागा आहे का, ते सिस्टरांनी बोटं घालून बघितलं आणि मान डोलावली.

"गुरुवारी दोनला या," मशीनवाली म्हणाली. "अंगावर धातू नको. बटण नको, साखळी नको, पट्टा नको."

"पँट कशी राहील?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पॅकर आहात ना?"

हे सगळं ऐकून विहीणबाईंनी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. रबराच्या बाहुलीवर त्यांचा भरवसा नव्हता. "बाहुली रडते का? लाथ मारते का? जिवंत माणसावर करून दाखवा, तर मी पास करीन." बुधवारी संध्याकाळी त्या सुतळीमामांच्या घरी येऊन ठेपल्या. जिवंत माणूस पलंगावर पाय लांब करून पडलेलाच होता.

"मला नका," मेव्हणा म्हणाला. "माझा पाय वाकत नाही."

"वाकत नाही तो पाय बाहेर राहू दे," विहीणबाई म्हणाल्या. "हात हनुवटीशी घ्या."

दोन रजया, सहा उशा आणि घरातले सगळे टॉवेल लागले. विहीणबाई एकेक वस्तू हातात देत होत्या, कारण सुतळीमामांना काम करताना मान वळवायची सवय नव्हती. ते नुसता उजवा हात मागे करायचे, म्हणायचे, "कापड", "वळकटी", आणि शेवटी "सतरा". पहिल्या वेळी विहीणबाईंना सतरा म्हणजे काय ते कळलं नाही. मग त्यांनी टेबलावरचा बिल्ला उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. दुसऱ्या वेळी न सांगता ठेवला. चौथ्या वेळी दोघांचे हात असे चालत होते, जणू खिडकी नंबर चारवर ती दोघं आयुष्यभर एकत्रच बसली असावीत. मेव्हणा पहिल्या दोन वेळा कुरकुरला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "कपाटाला हे सुख होतं, आणि मला कोणी सांगितलं नाही." चौथ्या वेळी आठव्या मिनिटाला तो घोरायला लागला, आणि त्याला सोडवावं की नाही यावर दोघांनी थोडा वेळ चर्चा केली.

"पास," विहीणबाई म्हणाल्या. ते त्यांनी तीस वर्षांत फार कमी वेळा म्हटलं असेल.

गुरुवारी सुतळीमामा नाडीची पँट घालून हजर झाले. खिसे रिकामे केले. सुतळीचा गुंडा, चष्म्याचं घर, किल्ल्या, बिल्ले, सगळं एका ट्रेमध्ये गेलं आणि तो ट्रे धरून विहीणबाई मागे उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावरचं कोणी तपासलं नाही, कारण त्या मशीनच्या खोलीत जाणार नव्हत्या. नातीला तीन तास उपाशी ठेवलं होतं. तिने सगळ्यांना शिव्या घातल्या असाव्यात, भाषा अजून ठरली नव्हती इतकंच. दोन वाजता लेकीने तिला पाजलं. सव्वादोनला तिचे डोळे मिटायला लागले.

मग सुतळीमामांनी तिला हातात घेतलं. कानांवर मऊ झाकणं, गुडघे पोटाशी, उजवी मूठ हनुवटीशी, अगदी तिला हवी तिथे. "वळकटी." आली. "कापड." आलं. लेक भिंतीला टेकून ओठ चावत होती. शेवटची घडी पडली. नात एकदा कुंथली, मूठ ढकलून बघितली, समोर भिंत नाही, मऊ काही तरी आहे हे तिला कळलं, आणि ती झोपी गेली.

सिस्टरांनी दोन बोटं घालून बघितलं. "उत्तम."

लेक आणि सिस्टर तिला ढकलगाडीवरून घेऊन निघाल्या. मशीनच्या खोलीच्या दाराला लोखंड ओळखणारी चौकट होती. बाळांसाठी तिचा आवाज बंद केलेला होता, फक्त दिवा जळायचा.

दिवा लाल झाला.

मशीनवालीने हात आडवा केला. "थांबा. कोणाकडे काय आहे?"

सिस्टरांकडे काही नव्हतं. लेकीकडे काही नव्हतं. लेक एकटी चौकटीत गेली, दिवा हिरवा. सिस्टर गेल्या, हिरवा. नात गेली, लाल.

"बाळाच्या अंगात लोखंड?" मशीनवालीचा आवाज पहिल्यांदा चढला, तोही कुजबुजीतच. "काय घातलंत तुम्ही आत?"

सुतळीमामांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग मागे वळून ट्रेकडे. विहीणबाईही ट्रेकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पोस्टाच्या भिंतीसारखा पांढरा झाला होता.

"तुम्ही मागितला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही दिला."

"तुम्ही हात मागे केलात!"

"मी हात केला म्हणून काय काहीही ठेवाल? विचारायचं नाही?"

"काल चार वेळा तेच केलं ना!"

"अहो आई! बाबा!" लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोडावं लागणार का आता? सोडलं की ती उठणार. उठली की गेलं. मग उद्या भूलच."

मशीनवाली गाडीपाशी वाकली आणि कापडाच्या टोकाला हात घालणार, इतक्यात सुतळीमामा म्हणाले, "हात लावू नका."

असा आवाज त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा काढला होता. एकदा पियानोच्या वेळी आणि एकदा त्या आरशाच्या कपाटाच्या. मशीनवालीने हात मागे घेतला.

ते गाडीच्या उजव्या अंगाला गेले. खाली वाकले. शेवटच्या घडीच्या ओठात दोन बोटं घातली, जशी हजारो तपासणाऱ्यांनी घालावीत म्हणून चाळीस वर्षं जागा सोडली होती, आणि ओढलं. बिल्ला अलगद बाहेर आला. कापड हललं नाही. नातीने झोपेत ओठ चोखले.

त्यांनी बिल्ला विहीणबाईंच्या ट्रेमध्ये ठेवला. विहीणबाईंनी ट्रे आणि स्वतःला घेऊन थेट जिना गाठला आणि एक मजला खाली जाऊन उभ्या राहिल्या. म्हणे, उगाच धोका नको.

नात पुन्हा चौकटीत गेली. दिवा हिरवा.

मशीनने ठकठक सुरू केली. पेट्यांना खिळे ठोकतात तसा आवाज होता, आणि सुतळीमामांना वाटलं, या पोरीला तर हा घरचाच आवाज. चौथं मिनिट गेलं. सहावं गेलं. बाराव्याला मूठ वर आल्यासारखी वाटली, पण ती मूठ नव्हती, त्यांचाच श्वास काचेवर जमला होता. अठ्ठावीस मिनिटं झाली तेव्हा मशीन थांबलं आणि त्या शांततेने नात जागी झाली.

डॉक्टरांनी चित्रं पडद्यावर लावली. एकेक काप, वरून खाली. सुतळीमामांनी चष्मा चढवला. इवलीशी पेटी, आणि आत घडीवर घडी, घडीत घडी, कुठे पोकळी नाही, कुठे ताण नाही. त्यांनी खूप वेळ बघितलं.

"हे ज्याने बांधलंय," ते म्हणाले, "तो मला एकदा भेटला पाहिजे."

डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. मग त्या वळल्या. "पाणी वाहतंय. तुंबलेलं नाही. नळी नको."

लेक तिथेच रडली.

"थांबा, सगळं सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या बाजूला इथे खूण राहिलीय. उजवा पाय कदाचित जरा मागे राहील. चित्रावरून सगळं कळत नाही. ती चालायला लागली की तीच सांगेल."

"आणि हात?" जिन्यावरून परत आलेल्या विहीणबाईंनी विचारलं. "उजवाच हात ना तो, जो रोज बाहेर काढायची?"

डॉक्टर पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. "हो. हाताची काळजी तिने आधीच मिटवलीय."

जिना उतरताना विहीणबाई एकदम थांबल्या. कठडा धरून, समोर बघत म्हणाल्या, "व्याहीबुवा, दोरी सैल नव्हती."

सुतळीमामांनी ऐकलं आणि ते उतरत राहिले. एवढी मोठी गोष्ट पायरीवर उभं राहून घ्यायची नसते. ते दारापर्यंत गेले आणि मग म्हणाले, "जराशी होती. त्या दिवशी घाई होती."

त्यानंतर मशीनवालीने त्यांना दर गुरुवारी बोलावलं, आधी सिस्टरांना शिकवायला आणि मग नुसतंच, सवय झाली म्हणून. त्या घडीला तिथे अजून सतरा नंबरची घडी म्हणतात आणि का म्हणतात ते नव्या सिस्टरांना माहीत नाही. बिल्ल्याऐवजी आता कागदाची चिठ्ठी खोचतात, तिच्यावर बाळाची दुधाची वेळ असते. नात बावीस महिन्यांची असताना चालायला लागली. उजवा पाय जरा ओढते, पण पळताना ते लक्षात येत नाही, आणि ती बहुतेक पळतच असते. मेव्हण्याचा पाय बरा झाला. तो अजूनही ओझी उचलतो आणि जिन्यावर पाऊल ठेवण्याआधी विचारतो, मला कोण बांधतंय.

सुतळीमामा नात नऊ वर्षांची झाली त्या वर्षी, जानेवारीच्या एकवीस तारखेला, मंगळवारी सकाळी, घरी वारले.